काट्याला हात लावू नये

भिंगरीने सोमवारी संध्याकाळी जेवायला अर्धी काकडी घेतली आणि ती संपवायला पाऊण तास लावला.

तिचे बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक, आणि म्हणून गल्लीत सगळ्यांचे 'साहेब'. ते समोर बसून हे सगळं बघत होते. त्यांच्या घरात जेवण म्हणजे वीस मिनिटांचा कार्यक्रम. दहा मिनिटं प्रत्यक्ष जेवण, आणि दहा मिनिटं साहेबांनी त्या दिवशी कुठल्या दुकानदाराचा काटा कसा पकडला त्याचं वर्णन. आज वर्णन संपून भांडी विसळून झाली होती, तरी काकडी शिल्लक होती.

"शाळेत काही झालं का गं?" साहेबांनी विचारलं.

भिंगरीने एक बोट वर केलं. म्हणजे थांबा. ती घास चावत होती आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजत होती. साहेब थांबले. मोजमापाच्या कामात मध्ये बोलू नये, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

"चाळीस," ती म्हणाली. तिने घास गिळला आणि लगेच पुढचा तुकडा तोंडात टाकला. उत्तराची जागा दोन घासांच्या मधल्या फटीत होती, ती निघून गेली.

"तिला बोलायला लावू नका हो," साहेबांची बायको म्हणाली. गल्लीच्या तोंडाशी तिचं कपडे अल्टर करायचं दुकान होतं आणि हातात कायम कोणाची तरी पँट असायची. "मोजणी चुकली की पहिल्यापासून सुरू करते. काल एका सफरचंदापायी मला झोपायला उशीर झाला."

शेवटी काकडी संपली आणि भिंगरीने दप्तरातून आरोग्यपत्रक काढून बाबांपुढे सरकवलं. वय चौदा. वजन साडेअठ्ठावन्न किलो. पुढे लाल शाईत शेरा: 'जास्त. आटोक्यात आणावे. शनिवारी फेरवजन.' त्याखाली पालकाच्या सहीसाठी रिकामी रेघ.

"लाल शेरेवाल्यांना रिलेत घेणार नाहीत," भिंगरी म्हणाली. "खेळाचे सर म्हणाले. आणि मी शेवटची धावणारी आहे, बाबा. शेवटची म्हणजे सगळ्यात महत्त्वाची." पाळण्यातून उतरली ती थेट पळायलाच लागली म्हणून जिला घरात भिंगरी म्हणतात, तिला पळू नको म्हणणं म्हणजे काय, हे घरात कोणाला सांगायची गरज नव्हती.

"आणि हे काकडीचं कोणी सांगितलं?"

"व्हिडिओत. एका मुलीने अकरा दिवसांत सहा किलो कमी केले."

"कोणत्या काट्यावर?" साहेबांनी विचारलं.

"बाबा!"

"तुम्ही ना," बायको म्हणाली, "पोरगी उपाशी आहे आणि तुम्ही काटा विचारता."

पण साहेबांच्या डोक्यात किडा वळवळू लागला होता. बावीस वर्षं त्यांनी शहरातले काटे तपासून त्यांना शिशाचं सील ठोकलं होतं. आकडा ऐकला की तो मोजला कशावर, हे विचारल्याशिवाय त्यांच्या घशाखाली पाणी उतरत नसे. एखाद्या बारशाला बाळ साडेतीन किलोचं आहे म्हणून लोक कौतुक करत असत, आणि साहेब हळूच दवाखान्याचं नाव विचारून घेत.

त्यांनी ठरवलं की हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने सोडवायचा. आधी पोरीचं खरं वजन काढायचं, मग पुढचं पुढे. अडचण एकच होती, की घरात वजनकाटा नव्हता. न तपासलेला काटा घरात ठेवणं आणि चोराला पाहुणा म्हणून ठेवणं यात साहेब फरक मानत नसत.

मंगळवारी समोरच्या काकूंनी आपला गुलाबी काटा मोठ्या मनाने आणून दिला. काकूंना अकरा प्रकारची डाएट तोंडपाठ होती, आणि त्या एका वेळी त्यांतली दोन करत. म्हणजे एकातलं जेवण आणि दुसऱ्यातला नाश्ता.

"पोरीला सांगा, सकाळचं खाणं बंद," काकू म्हणाल्या. "नाहीतर फक्त सकाळचंच चालू. दोन्ही चालतं. मी दोन्ही केलंय."

"मग काकू, तुमचं कमी झालं?" भिंगरीने विचारलं.

"झालं म्हणजे! अकरा वर्षं मी याच काट्यावर बारीक होतेय."

साहेबांनी काटा हातात घेऊन कानाशी हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. खात्याची प्रमाण वजनं लेखी परवान्याशिवाय कचेरीबाहेर नेता येत नाहीत आणि साहेब नियमाबाहेर पाऊल टाकणारे नव्हते. म्हणून ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले आणि त्यांनी मिठाचे एक-एक किलोचे वीस पुडे मागितले. दुकानदाराचा चेहरा मिठासारखाच पांढरा पडला. साहेबांनी एकेक पुडा त्याच्या सीलबंद काट्यावर ठेवून पाहिला, तेव्हा तो देवाचं नाव घेत होता. पुडे बरोबर निघाले. त्या आनंदात त्याने एकविसावा पुडा फुकट द्यायचा प्रयत्न केला, त्यावर त्याला लाच या विषयावर पाच मिनिटं ऐकून घ्यावं लागलं.

वीस किलो मीठ काकूंच्या काट्यावर चढलं. बाथरूमच्या फरशीवर काटा म्हणाला अठरा. बैठकीच्या खोलीत म्हणाला साडेएकवीस. सतरंजीवर ठेवल्यावर तो काहीच म्हणेना.

"बाद," साहेब म्हणाले.

"बाद म्हणजे?" काकू म्हणाल्या.

"म्हणजे तुम्ही बारीक झाला नाहीत. तुम्ही बैठकीच्या खोलीतून बाथरूममध्ये गेलात."

काकूंनी काटा उचलला, साहेबांकडे पाठ केली आणि जिन्यात जाऊन उभ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात या अपमानाची हकीकत सांगितली. परिणाम उलटाच झाला. तासाभरात जिन्यावर रांग लागली आणि प्रत्येकाच्या काखेत स्वतःचा काटा. साहेबांना नाही म्हणता येईना. खरं सांगायचं तर त्यांना नाही म्हणायचंच नव्हतं. आपल्या विद्येसाठी लोक आपण होऊन रांग लावतात हा अनुभव त्यांना बावीस वर्षांत आला नव्हता. सात काटे तपासले आणि सातांचेही सात सूर. तिसऱ्या मजल्यावरचे न्हावीकाका जागचे न हलता नऊ किलोंनी वाढले आणि मटकन खालच्या पायरीवर बसले. त्यांची बायको तेवढ्याच वेळात पाच किलोंनी घटली, आणि दोघांचं तिथेच जुंपलं. एक मिठाचा पुडा फुटला. कोणीतरी त्यावरून घसरलं. "या घरात पाऊल टाकलं की माणसाचं वजन बदलतं," असं पाववाला जाताना म्हणाला.

भिंगरी दाराच्या चौकटीत उभी राहून हे बघत होती आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच खळखळून हसत होती. तेवढ्यात तिने विचारलं, "बाबा, मग शाळेचा काटा कोणी तपासलाय?"

साहेबांच्या हातातला पुडा तसाच राहिला. हे आपल्याला कसं सुचलं नाही! शाळेचा काटा! तो खोटा असणार, असलाच पाहिजे. त्यांनी पोरीच्या पाठीवर थाप मारली आणि त्या दिवशी तिने अर्धीऐवजी अख्खी काकडी खाल्ली.

बुधवारी साहेब कामातून वेळ काढून शाळेत गेले. खेळाचे सर उंच, शिट्टी गळ्यात, आणि चेहरा असा की पाऊससुद्धा रांगेत पडावा. त्यांनी साहेबांना व्यायामशाळेच्या कोपऱ्यात नेलं. तिथे एक मोठा जुना काटा उभा होता. खाली रुंद तळपाट, त्यावर हिरवं कापड, वर खांब आणि खांबावर ताटाएवढी तबकडी.

"बटाट्याच्या वखारीतून घेतला," सर म्हणाले. "वखार बंद झाली तेव्हा. पण काटा एकदम सरकारी. हे बघा सील."

साहेबांनी चष्मा लावला आणि वाकून पाहिलं. शिशाच्या गोळीवर ठसा होता, आणि ठशात सतरा नंबर. शहरात सतरा नंबरचा ठसा एकाच माणसाकडे होता. तो माणूस आत्ता वाकून ठसा बघत होता.

"तुमच्याच हातचा, साहेब!" सर म्हणाले. "हे वरचं अक्षरही तुमचंच ना? म्हणून तर आम्ही निर्धास्त असतो."

तबकडीच्या काचेवर, तळाच्या बाजूला, एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. 'हा काटा प्रमाणित आहे. काट्याला हात लावू नये. लावल्यास कायदेशीर कारवाई होईल.' अक्षर वळणदार होतं, आणि 'कारवाई'खाली दोन रेघा होत्या. अशा दोन रेघा साहेब त्या काळी आवर्जून मारत असत.

आता साहेबांची पंचाईत बघा. काटा खोटा निघाला तर सतरा नंबर खोटा, म्हणजे बावीस वर्षं पाण्यात. काटा खरा निघाला तर काकडी खरी. त्यांना काटा एकाच वेळी खरा आणि खोटा दोन्ही हवा होता, आणि अशा काट्याची त्यांच्या खात्याच्या नियमपुस्तकात तरतूद नव्हती.

घरी भिंगरी दारातच वाट बघत होती. "मग? खोटा आहे ना?"

इथे साहेबांनी जे केलं त्याची त्यांना नंतर फार लाज वाटली. पण माणसाला स्वतःच्या सहीचा अभिमान असतो आणि तो नेमका नको त्या वेळी तोंड उघडतो. "माझं सील आहे त्याच्यावर," ते म्हणाले. "माझ्या सीलचा काटा चुकत नाही."

त्या संध्याकाळी भिंगरीने काकडीसुद्धा घेतली नाही. गुरुवारी सकाळी जिना उतरताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती दुसऱ्या मजल्यावर भिंतीला धरून बसली. तिला पाणी दिलं ते न्हावीकाकांनी, आपली नऊ किलोंची चिंता बाजूला ठेवून.

आईने दुकान बंद ठेवलं आणि तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी जीभ पाहिली, नाडी पाहिली, उंची मोजली आणि काय-काय खाल्लं ते विचारलं. यादी लवकर संपली.

"मी हिचं वजन करणार नाही," बाई म्हणाल्या. "त्याचंच खूळ डोक्यात बसलंय. हे बघ, या वयात उंची, वजन, सगळं वाढायचंच. कोणाचं आधी, कोणाचं नंतर. सकाळी पोटभर खायचं, खेळायचं, झोपायचं. मला तुझ्या वजनाची काळजी नाही, तुझ्या काकडीची आहे."

बाहेर आल्यावर भिंगरी आईला म्हणाली, "न मोजताच सांगितलं त्यांनी. बाबांचं सील आहे का त्यांच्या बोलण्यावर?"

आईने हे संध्याकाळी साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. साहेब बूट काढायचे विसरून बसून राहिले. पोरीचा बापावर एवढा विश्वास, आणि त्या विश्वासानेच तिला जिन्यात बसवलं. काटा तपासायचाच, सतरा नंबर गेला खड्ड्यात, असं त्यांनी त्याच वेळी ठरवलं.

पण सरळ जाऊन तपासतील तर ते साहेब कसले! शुक्रवारी त्यांनी कचेरीत रीतसर अर्ज केला. पालक म्हणून लिहिला आणि आवक खिडकीत दिला. शाळा ज्या विभागात होती त्याचे निरीक्षक तेच असल्यामुळे तो अर्ज अर्ध्या तासाने त्यांच्याच टेबलावर आला. त्यांनी तो लक्षपूर्वक वाचला. अर्जदाराने मुलीच्या जन्मदाखल्याची प्रत जोडली नव्हती. साहेबांनी अर्ज त्रुटी दाखवून परत पाठवला, जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन प्रत आणली आणि पुन्हा खिडकीत उभे राहिले. दुसऱ्या खेपेला त्यांना अर्जदाराचा थोडा रागच आला होता.

शेवटी प्रकरण वरिष्ठ मॅडमकडे गेलं. मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला.

"हा काटा दुकानात आहे?"

"शाळेत आहे, मॅडम."

"त्यावर काय मोजतात?"

"मुलं."

"मुलं विकायला आहेत का?"

"नाही, मॅडम."

"मग ती आपल्या कक्षेत येत नाहीत. आपला कायदा विकायच्या मालाचा. हे बावीस वर्षांनी मी तुम्हाला सांगायचं?" मॅडमनी अर्जावर शिक्का मारला: निकाली.

साहेब कान पाडून बाहेर आले. आता उरला एकच मार्ग, साध्या नागरिकाचा. आणि साध्या नागरिकाजवळ मीठ होतं.

शनिवारी सकाळी फेरवजनासाठी व्यायामशाळेत रांग लागली होती. लाल शेरेवाली तेवीस मुलं-मुली. पालक बाकांवर बसले होते. एक मुलगा आठ दिवस फक्त लाह्यांवर होता. एक मुलगी बर्फाचे तुकडे चघळत होती. एकाने व्हिनेगर पिऊन जबडा आवळून धरला होता, आणि एक लठ्ठसा मुलगा थंडी नसताना तीन स्वेटर घालून घामाने वजन पाझरवत होता. ते स्वेटर काढायला तो विसरणार हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. ही सगळी विद्या फोनवरून आलेली.

इतक्यात दार उघडलं आणि वजनमापे निरीक्षक आत आले. अंगात कचेरीचा कोट, आणि हातात समोरच्या काकूंची भाजीची ढकलगाडी. अपमान विसरून काकूंनी ती स्वतः दिली होती, कारण निकाल सगळ्यात आधी आपल्याला कळावा ही अट त्यांनी घातली होती. गाडीचं एक चाक किंचाळत होतं आणि एक पुडा गळत होता. दारापासून काट्यापर्यंत मिठाची बारीक पांढरी रेघ उमटत गेली. मागून बायको हातात सुई-दोऱ्याचा डबा घेऊन, दुकान उघडायच्या वाटेवर डोकावलेली.

"आई गं," भिंगरी रांगेत पुटपुटली आणि तिने पुढच्या मुलीच्या पाठीआड तोंड लपवलं.

"साहेब, हे काय?" खेळाच्या सरांनी विचारलं.

"वीस किलो," साहेब म्हणाले. "वर एक चिमूटही नाही. फुटलेल्याच्या जागी नवा घेतलाय, गळालं ते चमचाभर, हिशेबात धरलंय." आणि त्यांनी पुडे तळपाटावर रचले.

तबकडीवर काटा सरसर फिरला आणि थांबला. पावणेचोवीस.

साहेबांनी पुडे पुन्हा मोजले. वीसच. त्यांना एकदम नाचावंसं वाटलं आणि त्याच क्षणी रडावंसं वाटलं. पोरगी सुटली होती आणि सतरा नंबर बुडाला होता. ते गुडघ्यांवर बसले, मग पोटावर आडवे झाले आणि काट्याखाली डोकं घालून सील बघू लागले. कोटाची शेपटं पंख्याच्या वाऱ्यावर फडफडत होती.

"सील अखंड आहे!" खालून आवाज आला. "अखंड! मग पावणेचार किलो आलं कुठून?"

मुलं खिदळू लागली. सरांनी शिट्टी वाजवली, त्याने ती जास्तच खिदळली. भिंगरीने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"अहो," साहेबांची बायको म्हणाली. ती काट्याशी वाकून हिरवं कापड दोन बोटांत धरून बघत होती. "याला अस्तर कशाला लावलंय?"

"अस्तर नाही हो, फळी आहे," सर अभिमानाने म्हणाले. "मुलांचे पाय घसरायचे. सुट्टीत मी स्वतः चांगली जाड फळी ठोकून घेतली, वर कापड लावलं. काम कसं नेटकं झालंय बघा."

काट्याखालून साहेब हळूहळू बाहेर आले. कोट मिठाने पांढरा झाला होता. "फळी ठोकल्यावर काटा शून्यावर आणला होता?"

"शून्यावर? मी?" सर दचकून मागे सरले. "साहेब, तुमचीच चिठ्ठी आहे की! काट्याला हात लावू नये, कायदेशीर कारवाई होईल. मी कशाला हात लावतोय!"

"पण रिकामा असताना आकडा दिसतोच ना!"

"कुठे दिसतो? तिथे तर तुमची चिठ्ठी आहे."

साहेबांनी तबकडीकडे पाहिलं. चिठ्ठी बरोबर शून्यापासून दहापर्यंतच्या भागावर चिकटवलेली होती. बटाट्याच्या वखारीत दहा किलोंच्या खाली कोणी काही मोजत नव्हतं, म्हणून त्या दिवशी त्यांना ती जागा रिकामीच वाटली होती. त्यांनी पुडे खाली उतरवले आणि नखाने चिठ्ठीचा कोपरा उचकटला. जुना डिंक चर्रचर्र करत सुटला. खाली काटा उभा होता, पावणेचारवर, आणि काट्यावर कोणीही नव्हतं.

"चूक माझी आहे," साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात प्रथमच उच्चारलं होतं, त्यामुळे ते जरा मोठ्याने आलं. "काटा खरा आहे. सीलही खरं आहे. शून्य मी झाकलं."

मग जो गलका झाला! वजाबाकी या विषयात इतकं सामूहिक प्रावीण्य त्या शाळेने कधी पाहिलं नव्हतं. मुलं भिंतीवरच्या, कोणत्या उंचीला किती वजन हे लिहिलेल्या तक्त्यापाशी धावली आणि प्रत्येकजण आपल्या आकड्यातून पावणेचार वजा करू लागला. व्हिनेगरवाल्याने तोंड सैल सोडलं. स्वेटरवाल्याने एकामागून एक तिन्ही स्वेटर हवेत उडवले. सर मात्र बाकावर सुन्न बसले होते.

"दोन महिने," ते म्हणाले. "दोन महिने मी बिनसाखरेचा चहा पितोय. याच काट्यावर." आणि ते तडक उठून कँटीनकडे निघाले. त्यांच्यामागे अख्खी रांग.

कँटीनमध्ये सगळ्यांपुढे पाव, लोणी आणि उकडलेली अंडी आली. भिंगरी मात्र बशीला हात न लावता बसली होती.

"बाबा," ती म्हणाली, "मी वजा केलं. पावणेपंचावन्न. तक्त्यावर माझ्या उंचीला बावन्नच लिहिलंय. मी अजून लालच आहे." ती थांबली. "आणि फळी नसती तर? काटा बरोबरच असता तर? मग मी खरंच तेवढी असते, तर?"

तपासायला आता काही उरलं नव्हतं. साहेबांनी बायकोकडे पाहिलं.

"हिचा शाळेचा स्कर्ट या वर्षी मी दोनदा उसवून खाली सोडलाय," बायको शांतपणे म्हणाली. "वाढत्या पोरीचं शिवताना मी आत चार बोटं कापड ठेवते. एकाच मापाला घट्ट शिवलं तर पोरगी वाढणार कुठे? त्या तक्त्यात वयसुद्धा विचारलेलं नाही. आत कापडच ठेवलं नाही कोणी."

साहेबांनी चष्मा काढला आणि त्यावरचं मीठ पुसलं. "काल मॅडमनी माझा अर्ज निकालात काढला," ते म्हणाले. "मला फार राग आला होता. त्या म्हणाल्या, आपला कायदा विकायच्या मालाचा. बटाटे, साखर, लोखंड. तिथे ग्रॅमही इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. मी बावीस वर्षं तेच केलं, आणि घरी येऊन तुलाही त्याच काट्यावर उभं केलं." "तू पावणेपंचावन्न असशील, साठ असशील. तू विकायला ठेवलेली नाहीस गं. तू माझ्या कक्षेतच येत नाहीस."

शेजारच्या टेबलावरून सर तोंडात अंडं कोंबून म्हणाले, "आणि रिलेला मी वेळ मोजतो, वजन नाही. ते लाल शाईचं माझ्या डोक्यात कुठून आलं, देव जाणे. सोमवारपासून मैदानावर ये. आणि खाऊन ये. मला जिन्यात बसणारी पोरगी शेवटच्या फेरीला नको."

भिंगरीने पाव उचलला, त्यावर लोणी थापलं आणि मोठा घास घेतला. साहेब सवयीने मनातल्या मनात मोजू लागले. सहा, सात, आठ. नवव्याला तिने गिळलाही होता आणि दुसरा घास तोंडात होता. त्यांनी मोजणं सोडून दिलं आणि खिडकीबाहेर बघत नाक शिंकरलं.

तिसरं अंडं संपल्यावर भिंगरीने दप्तरातून आरोग्यपत्रक काढलं. मग बाबांच्या कोटाच्या खिशातून डोकावणारी ती पिवळी चिठ्ठी ओढून घेतली, तिच्या पाठीला लोणी फासलं, आणि वजनाच्या आकड्यावर आणि लाल शेऱ्यावर ती तळहाताने दाबून बसवली. काट्याला हात लावू नये. लावल्यास कायदेशीर कारवाई होईल.

"इथे सही करा," ती म्हणाली.

साहेबांनी पेन काढलं. कागद तेलकट झाला होता, चिठ्ठी तिरकी बसली होती, आणि खाली काय लिहिलंय ते आता कोणालाच दिसत नव्हतं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी काहीही न तपासता सही केली, आणि खाली दोन रेघा मारल्या.